भाग आणि शेअर

सोलापूर

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

पगारातून उरणारी रक्कम शेअर बाजारात घालावी की वडिलांप्रमाणे सहकारी बँकेत ठेवावी, असे तू विचारले आहेस. नुसता परतावा मोजशील, तर दीर्घ मुदतीत सहकारी बँक बहुधा मागे पडेल. तिच्याच कर्ज विभागात आयुष्य घालवूनही मला हे मान्य आहे.

कंपनीत ज्याचे शेअर जास्त, त्याची मतेही जास्त. सहकारी बँकेचा भाग, म्हणजे तिचा शेअर, दर्शनी किमतीला घ्यायचा आणि सभासदत्व सोडताना त्याच किमतीला परत करायचा. लाभांशालाही १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. भाग एक असो की हजार, मत एकच.

मग मिळते काय? तुझ्या आजोबांनी शहराच्या पूर्व भागात दोन यंत्रमाग टाकले, तेव्हा त्यांच्याकडे ना ताळेबंद होता ना तारणाला जागा. सूत उधारीवर घ्यावे लागे, आणि व्यापारी उधारीचा भाव चढाच लावी, त्यामुळे टॉवेलमध्ये सुटणारा पैसा सुतातच जाई. आमच्या शाखाधिकाऱ्यांनी माग चालताना पाहिले, सभासदांपैकीच दोन जामीनदार घेतले आणि कर्ज दिले; त्यानंतर आजोबा सूत रोखीने घेऊ लागले. तो फायदा कोणाच्याही ठेवपावतीवर दिसत नाही, पण तो शेजाऱ्यांच्या ठेवींतूनच आला होता.

आता दुसरी बाजू. पुढे मी ज्या बँकेत होतो, तिथे संचालकांच्या ओळखीच्या एका माणसाला अपुऱ्या तारणावर मोठे कर्ज गेले. मी टिपणीत हरकत लिहिली, ती काढायला सांगितली गेली, आणि मी काढली. त्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत नाश्त्याची पाकिटे वाटून होण्याआधीच सगळे विषय ‘मंजूर, मंजूर’ झाले होते. काही वर्षांनी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले आणि पैसे काढायला रांगेत उभे राहिले ते हेच मंजूर म्हणणारे लोक. एकाला एक मत ही व्यवस्था मत देणारा जागा असेल तरच चालते. एरवी ती भांडवलदारापेक्षाही स्वस्तात बळकावता येते.

म्हणून ठेवायचेच असेल, तर एका बँकेत व्याजासह ५ लाखांच्या आत ठेव. ठेव विम्याचे संरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून तेवढेच आहे. नाममात्र सभासद होऊ नकोस, त्याला मत नसते. रीतसर भाग घे आणि वार्षिक अहवालात व्याजदराआधी निव्वळ अनुत्पादक कर्जांचे, म्हणजे तरतूद वजा जाता उरणाऱ्या थकीत कर्जांचे, प्रमाण बघ. ते सलग वाढत असेल, तर इमारत कितीही चकचकीत असो, तिथून उठ. बाकीची रक्कम खुशाल बाजारात घाल, त्यात पाप नाही.

सभा ३० सप्टेंबरच्या आत होईल. अहवाल हाती आला की घेऊन ये. कोणत्या पानावर काय विचारायचे, ते आपण बसून ठरवू, विचारायचे मात्र तू.

तुझा,
काका