प्रतापसिंह महाराज आणि शहाजी महाराज

प्रश्न : कंपनी सरकारच्या काळात साताऱ्याच्या गादीवर बसलेल्या दोघा भावांपैकी थोरल्या प्रतापसिंह महाराजांचाच गौरव होतो. धाकटे शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनीही रस्त्यांवर आणि पुलांवर सढळ हाताने खर्च केला होता. मग त्यांना कमी लेखणे योग्य आहे काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : शहाजी महाराजांची लोकोपयोगी कामे खरी आहेत आणि केवळ इंग्रजांनी गादीवर बसवले म्हणून त्यांना नालायक ठरवणे मलाही मान्य नाही. मात्र कारभारात थोरले बंधूही उणे नव्हते. कंपनीशी झालेल्या १८१९ च्या तहानंतर प्रारंभी साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट (कंपनीचा दरबारातील प्रतिनिधी) ग्रँट डफ याच्या हाती असलेला कारभार १८२२ मध्ये प्रतापसिंहांकडे आला, तेव्हापासून त्यांनी जुना राजवाडा बांधला, महाबळेश्वराकडे जाणारा रस्ता केला आणि आपली रोजनिशी ठेवली. १८३५ मध्ये तर खुद्द कंपनीच्या संचालकांनी त्यांच्या कारभाराची प्रशंसा करून तलवार पाठवली होती. दोघांतला खरा फरक मला कामांत नव्हे, तर संकटातील वर्तनात दिसतो.

अक्कलकोट, फलटण, औंध, भोर, जत अशा जहागिरींवरील हक्कावरून प्रतापसिंह महाराजांचे कंपनीच्या मुंबई सरकारशी बिनसत गेले. त्यातच वेदोक्ताच्या, म्हणजे वेदमंत्रांनी धर्मकृत्ये करण्याचा अधिकार कोणाला या, वादात आपल्या सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन त्यांच्या विरुद्ध पक्षाला होते. म्हणजे जवळच्यांपैकीही सारे पाठीशी नव्हते. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांशी व नागपूरच्या पदच्युत भोसल्यांशी संधान बांधल्याचे आणि कंपनीच्या शिपायांना फितवल्याचे आरोप त्यांच्यावर आले. १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर कारनॅक स्वतः साताऱ्यास आला आणि अपराध कबूल करून सही दिल्यास गादी राखण्याची तयारी त्याने दाखवली. न केलेल्या अपराधाची कबुली देण्यास महाराजांनी नकार दिला, राज्य सोडले आणि काशीस स्थानबद्धतेत १८४७ मध्ये देह ठेवला. हातात सैन्य नसलेल्या राजाने दाखवलेला हा करारीपणा मी कोणत्याही पुलाहून मोठा मानतो.

शहाजी महाराजांनी इंग्रजांशी सलोखा राखला. पण त्यामुळे राज्य टिकले नाही. एप्रिल १८४८ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी घेतलेले दत्तक मान्य करावे, असे मुंबईचा गव्हर्नर क्लार्क आणि साताऱ्याचा रेसिडेंट फ्रियर या दोघांचेही मत होते. तरीही गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. हा दोष शहाजी महाराजांचा नव्हे, हे निःसंदिग्धपणे सांगायला हवे.

प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले आणि महाराजांच्या निधनानंतरही, १८५३ पर्यंत, लंडनमध्ये झगडत राहिले. परतल्यावर त्यांनी १८५७ च्या उठावाची तयारी केली. ते इंग्रजांच्या हाती लागले नाहीत, परंतु त्यांचे पुत्र सीताराम यांच्यासह सतरा जणांना साताऱ्यातील गेंडामाळावर देहान्ताची शिक्षा देण्यात आली.