श्रावण पाळण्याआधी

अनेक आशीर्वाद.

गटारीला शेवटची घेऊन श्रावणापासून कायमची सोडणार, असं तुझे बाबा म्हणताहेत हे तुझ्या पत्रात वाचून बरं वाटलं. पण रोज दोन क्वार्टर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलि व्हिस्कीत, साधारण ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल असतं. वर्षानुवर्षं त्याच्या दुप्पट रिचवलं की त्या गुंगीवर मात करायला मेंदू स्वतःला सतत चेतवत राहतो. दारू थांबली की गुंगी उतरते, चेतवणं चालूच राहतं.

म्हणून घड्याळाकडे लक्ष ठेव. शेवटच्या पेगनंतर ६ ते २४ तासांत घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. बोटं फाकवून हात पुढे धरायला सांग, थरथर लगेच दिसेल. फिट बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. खरा घात होतो तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, घरचे ‘निभावलं एकदाचं’ म्हणून निर्धास्त झाल्यावर. माणूस अंगावर नसलेल्या मुंग्या झटकतो, चादर चिमटत बसतो, घरच्यांना ओळखत नाही. मग कुणी अंगारा लावतं, कुणी खोलीत कोंडतं. हा डिलिरियम ट्रेमेन्स, उपचाराविना माणूस दगावू शकतो. फिट किंवा भ्रम दिसला की थेट १०८.

तेव्हा गटारीच्या आधीच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. ते क्लोरडायझेपॉक्साइडसारखी गोळी आठवडाभर उतरत्या मात्रेत देतात, यकृत बिघडलेलं असेल तर लोराझेपाम. या गोळ्या परस्पर मेडिकलमधून आणू नकोस. दारूवर घेतल्या तर श्वास मंदावतो. पूर्वी कधी फिट येऊन गेली असेल तर भरतीच करा.

अशक्तपणा वाटला की ग्लुकोजची सलाईन लावून घ्यायची आपल्याकडे भारी हौस! रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१, आधीच कमी असतं. त्याचं इंजेक्शन न देता ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं. तोल जातो, नजर बिघडते, स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते. डॉक्टरांना हे विचारायला लाजू नकोस.

जेवणात गुपचूप घालायच्या पावडरीही नकोत. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवायचं औषध असेल आणि बाबांनी नकळत वर दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो. हे औषध घेणाऱ्याला सांगूनच द्यायचं असतं.

लोक काय म्हणतील, हे सोड. २०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूचं व्यसन जडलेल्या ३८ जणांत जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळालेला होता; बाकीच्यांत असे चारचौघांना भिऊन घरात बसलेलेही असणारच. जवळचं केंद्र १४४४६ या मोफत क्रमांकावर कळेल. गोळ्या पहिल्या आठवड्यापुरत्या. पुढे समुपदेशन आणि एए च्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट) बैठका महिनोन्‌महिने लागतात.

जाताना कागदावर लिहून ने: शेवटचा पेग किती वाजता, रोजचं प्रमाण किती, चालू औषधं कोणती. प्रमाण निम्मं सांगायची घरोघरी सवय असते. गोळीची मात्रा त्यावरूनच ठरते, म्हणून बाटल्या मोजून आकडा लिही.