एकच मासा मिशिगनमध्ये वाढवतात आणि यलोस्टोनमध्ये मारतात, असे का?

अमेरिकेतील वन्यजीव खाती एखाद्या तलावात कोणता मासा वाढवायचा हे कशाच्या आधारे ठरवतात, असे आपण विचारले आहे. लेक ट्राउटचे उदाहरण घेतो. मिशिगन सरोवरात त्याचे मत्स्यबीज सोडले जाते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील यलोस्टोन सरोवरात मात्र १९९४ मध्ये तो आढळल्यापासून राष्ट्रीय उद्यान सेवेने जाळी लावून असे ४० लाखांहून अधिक मासे काढले आहेत.

यलोस्टोनमध्ये तो उपरा आहे. तेथील मूळचा कटथ्रोट ट्राउट विणीच्या हंगामात उथळ ओढ्यांत चढतो, त्यामुळे अस्वले आणि पाणमांजरे यांना तो सापडतो. लेक ट्राउट खोल पाण्यात राहतो, सरोवरातच अंडी घालतो आणि कटथ्रोटला खातो, म्हणजे तो वाढला की काठावरच्या प्राण्यांचेही अन्न तुटते. मूळ निसर्ग राखणे हेच उद्यानाचे काम असल्याने तेथे निर्णय तुलनेने सरळ होता.

राज्यांच्या खात्यांपुढे अधिक गुंता असतो, कारण त्यांचा बराचसा खर्च हौशी मासेमारांच्या परवाना शुल्कातून आणि १९५० च्या केंद्रीय कायद्यानुसार मासेमारीच्या साहित्यावरील करातून भागतो. मिशिगन सरोवरातील मूळचा लेक ट्राउट बेसुमार मासेमारीमुळे आणि सी लॅम्प्रे या रक्त शोषणाऱ्या उपऱ्यामुळे १९५० च्या दशकात संपुष्टात आला, आणि खाणारे कोणी न उरल्याने अटलांटिकमधून शिरलेला एलवाइफ हा लहान मासा इतका माजला की १९६७ मध्ये मेलेल्या एलवाइफचा किनाऱ्यांवर खच पडला. मिशिगन राज्याच्या मत्स्य विभागाचे तेव्हाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी १९६६ मध्ये पॅसिफिकचा कोहो सॅमन सोडला आणि पुढच्या वर्षी चिनूक हा दुसरा सॅमन. एलवाइफ आटोक्यात आला आणि मासेमारांना दांडगा मासा मिळाला, परंतु पुढे सॅमन टिकवण्यासाठी त्याच एलवाइफची काळजी वाहण्याची वेळ आली. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि पाठोपाठ चिनूकही. मूळच्या लेक ट्राउटची नैसर्गिक पैदास मात्र वाढली, कारण एलवाइफ त्याची पिल्ले खात असे, शिवाय एलवाइफवर जगणाऱ्या ट्राउटच्या अंड्यांत ब-१ जीवनसत्त्व कमी पडत असे.

त्यामुळे आता सर्वांत आधी खाद्याचा हिशेब होतो. ध्वनिलहरींनी आणि जाळ्यांनी लहान माशांचा अंदाज घेऊन, त्यावर किती मोठे मासे पोसले जातील हे पाहतात. सोडण्यापूर्वी पिल्लाच्या नाकाडात क्रमांक कोरलेल्या तारेचा बारीकसा तुकडा बसवतात आणि शेपटीजवळचा मांसल पर कापतात. पुढे गळाला लागलेल्या माशाला तो पर नसेल, तर त्याचे डोके मागून घेतात आणि तार वाचून तो कोठे व कधी सोडला होता हे काढतात. मिशिगन सरोवरातील चिनूकपैकी निम्म्याहून अधिक सोडलेले नसून नैसर्गिकरीत्या जन्मलेले असतात, हे अशा खुणांवरूनच समजले.

एलवाइफ घटत असल्याने २०१३ मध्ये मिशिगन सरोवरात सोडायच्या चिनूकची संख्या निम्म्याने कमी करण्यात आली. भाड्याच्या बोटींवर ज्यांचे पोट आहे, त्यांची नाराजी मला समजते. तरीही तो निर्णय योग्यच होता असे माझे ठाम मत आहे, कारण ह्युरॉनमध्ये बीज सोडत राहूनही चिनूक सावरला नव्हता.