‘मॉड्यूल इज इन यूज’ म्हणतंय, रीस्टार्ट न करता वाय-फायचा ड्रायव्हर कसा काढू?

तुमच्या लॅपटॉपवर उबंटू लिनक्स आहे, झोपेतून उठवला की वाय-फाय गायब होतं, आणि ‘आरएममॉड आयडब्ल्यूएलवायफाय’ (मॉड्यूल काढायची कमांड, पुढं इंटेलच्या वाय-फाय ड्रायव्हरचं नाव) दिलं की वरचा एरर येतो. मॉड्यूल म्हणजे कर्नलला, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याला, चालू असताना जोडता-काढता येणारा तुकडा; तुमचा ड्रायव्हर तसाच. हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. मी सेलूचा. उन्हाळ्यात लाईट गेली की बॅटरी वाचवायला झाकण लावायचं, आली की उघडायचं, आणि दर वेळी नेटच्या नावानं शिमगा.

तुम्ही गाठ उलट्या टोकानं सोडताय. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर सोडताना आधी पीटीओचा (इंजिनाची ताकद अवजाराला देणारा) शाफ्ट काढतो, मग पिना. इथंही तसंच. चढलेल्या मॉड्यूलांची यादी देणारी ‘एलएसमॉड’ चालवा आणि शेवटचा रकाना बघा. आयडब्ल्यूएलवायफायपुढं ‘आयडब्ल्यूएलएमव्हीएम’ दिसेल, म्हणजे तो याच्यावर बसलाय. आधी त्याला उठवा: ‘सुडो मॉडप्रोब’, पुढं डॅश आर, पुढं आयडब्ल्यूएलएमव्हीएम. तो निघाला की खालचे मोकळे झालेले मॉड्यूलही मॉडप्रोब स्वतःच काढतो. मग ‘सुडो मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय’. वरचा साथीदार आपोआप येतो.

मॉड्यूल काढणारी आरएममॉड आणि घालणारी इन्समॉड ही जोडी तशी आडमुठीच. इन्समॉडला फाइलचा पत्ता लागतो आणि कोण कोणावर अवलंबून आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. मॉडप्रोब ‘डेपमॉड’नं बनवलेली यादी वाचतो, म्हणून रोजच्या कामाला तोच. आरएममॉडला डॅश एफ जोडून जबरदस्ती करायचा सल्ला कुणी देईल, पण ऐकू नका. बऱ्याच कर्नलांत ती सोय बंदच असते, आणि असली तर चालू मशीन जागच्या जागी बसू शकतं.

एक फजिती सांगतो. गच्चीवर बसून खालच्या खोलीतल्या मशीनमध्ये एसएसएचनं (नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला कमांड द्यायची सोय) शिरलो आणि त्याच मशीनच्या वाय-फायचा ड्रायव्हर काढला. पुढची कमांड द्यायला जोडणीच उरली नाही, जिना उतरावा लागला. तेव्हापासून दोन्ही कमांडी एकाच ओळीत देतो, मध्ये अँडची दोन चिन्हं टाकून.

रोज हाताने करायचा कंटाळा आला तर सिस्टमडीच्या (उबंटूतल्या सेवा चालवणारा प्रोग्राम) ‘सिस्टम-स्लीप’ फोल्डरात छोटी स्क्रिप्ट ठेवा. झोपण्याआधी तिला ‘प्री’ हा शब्द मिळतो, उठल्यावर ‘पोस्ट’. प्रीला मॉड्यूल काढा, पोस्टला घाला. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर ती नुसती पडून राहते.

‘ब्लॅकलिस्ट’ करून बघू का, असंही विचारलंय. त्याने मॉड्यूल फक्त आपोआप चढायचं थांबतं, हाताने मॉडप्रोब दिला तर चढतंच. तुमच्या कामाचं नाही.

हेच भावाच्या मॅकवर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही चालणार. तिथं ड्रायव्हर घालायला-काढायला केएक्स्टलोड, केएक्स्टअनलोड होते. मॅकओएस ११ पासून केएमयुटिल आलं, आणि ॲपलबाहेरचं कर्नल एक्स्टेन्शन (तिथलं मॉड्यूल) घालायचं तर परवानगी देऊन रीस्टार्ट करावंच लागतं.

एवढं करूनही वाय-फाय आलं नाही तर कर्नलचे निरोप दाखवणाऱ्या ‘सुडो डीएमईएसजी’च्या शेवटच्या वीसेक ओळी इथं टाका. फर्मवेअर (वाय-फाय कार्डात चढवायचं सॉफ्टवेअर) सापडत नसेल तर ते तिथंच लिहिलेलं असतं.