तैवान स्वतंत्र देश आहे की चीनचा भाग?
रोजच्या कारभारात बघाल तर तैवान पूर्ण वेगळा देश आहे, पण कागदावर बहुतेक जग त्याला देश मानत नाही, भारतसुद्धा नाही. निवडून दिलेला राष्ट्राध्यक्ष, सैन्य, चलन, पासपोर्ट सगळं स्वतःचं आहे आणि 1949 ला आलेल्या चीनच्या कम्युनिस्ट सरकारने या बेटावर एक दिवसही राज्य केलेलं नाही, हे लोक विसरतात आणि मला तर तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मग अडलंय कुठे, तर 1971 मध्ये युनोने ठराव 2758 करून चीनची सीट बीजिंगला दिली आणि बीजिंगची अट अशी की आमच्याशी संबंध हवे असतील तर तैवानशी राजनैतिक संबंध ठेवायचे नाहीत, त्यामुळे मान्यता देणारे जेमतेम डझनभर देश उरलेत. मुंबईत 2024 ला त्यांचं ऑफिस उघडलं त्यालाही वकिलात म्हणत नाहीत, नाव आहे तैपेई आर्थिक व सांस्कृतिक केंद्र. फक्त एक लक्षात घ्या, तैवाननेही नव्याने स्वातंत्र्य जाहीर केलेलं नाही, अधिकृत नाव अजून रिपब्लिक ऑफ चायनाच आहे, 2021 पासूनच्या पासपोर्टवर इंग्रजीत तैवान ठळक छापलंय आणि ते जुनं नाव राष्ट्रचिन्हाभोवती अगदी बारीक अक्षरात.