वाचक विचारतात : चीनला एवढी भीती कसली?

प्रश्न : चीनकडे जमीन बक्कळ, पैसा बक्कळ, मग भर समुद्रात खडकांवर वाळू ओतून बेटं कशाला बनवतोय? भाऊ म्हणतो निव्वळ हाव, मी म्हणतो कसली तरी भीती असणार. मिसळीची पैज लागलीय, कोण जिंकलं तेवढं सांगा.
– एक वाचक, सांगली

उत्तर : बिल निम्मं-निम्मं करा, दोघंही अर्धे बरोबर आहात.

मोबाईलवर चीनचा नकाशा उघडा. 1935 साली हू ह्वानयोंग नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकाने ईशान्येकडच्या आजच्या हेइहेपासून खाली नैर्ऋत्येला तेंगचोंगपर्यंत एक तिरकी रेघ मारली. तिच्या पूर्वेला देशातली नव्वद टक्क्यांहून जास्त माणसं राहायची, आणि एवढी वर्षं झाली, शहरं वाढली, तरी आजही तसंच आहे. पश्चिमेला वाळवंट, डोंगर अन् तिबेटचं पठार. म्हणजे शेती, कारखाने, बंदरं, सगळा संसार समुद्राच्या बाजूला. पूर्वी हल्ले यायचे उत्तरेकडून घोड्यांवर, त्यासाठी भिंत बांधली. पण 1839 नंतर ब्रिटिश आले ते जहाजांतून, 1860 ला ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी बीजिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला अन् ब्रिटिशांनी तो जाळला, 1895 ला जपानने तैवान घेतलं. हे तिथल्या शाळेत पोरांना अजून घोकून घेतात, त्यामुळे भीती खोटी नाहीये.

आता शांघायच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे बघा. जपान, ओकिनावाची बेटं, तैवान, फिलिपिन्स, अशी रांगच लागलीय, आणि त्यातले जपान अन् फिलिपिन्स अमेरिकेशी संरक्षण करार करून बसलेत. जपानचं योनागुनी बेट तैवानपासून जेमतेम 110 किलोमीटरवर आहे, आकाश स्वच्छ असलं की तिथून तैवानचे डोंगर दिसतात. घरातून बाहेर पडायचं तर प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या अंगणातून, असं झालंय.

एक गोष्ट बातम्यांत फारशी येत नाही, ती म्हणजे पाण्याची खोली. पिवळा समुद्र सरासरी 44 मीटर खोल. चीनची अणुपाणबुडी शंभर मीटरहून लांब असते, तिथे उभी केली तर निम्म्याहून जास्त पाण्याच्या वर राहील! अशा उथळ पाण्यात लपणार कुठे? म्हणून त्या पाणबुड्यांचा मोठा तळ दक्षिणेला हायनान बेटावर आहे, कारण दक्षिण चीन समुद्र मधोमध चार हजार मीटरच्याही खाली जातो. तेवढा समुद्र आपल्या नजरेखाली ठेवायचा म्हणून 2014 च्या सुमारास फायरी क्रॉससारख्या, भरतीला जवळजवळ बुडणाऱ्या खडकांवर भराव टाकून तीन किलोमीटरची धावपट्टी बांधली. तैवानवर एवढा जीव का, त्यातही हे आहेच, राष्ट्रवाद आहे पण बेटाच्या पूर्वेला किनारा सोडला की लगेच खोल पाणी लागतं.

आता भावाची बाजू. सेकंड थॉमस नावाची प्रवाळाची रांग फिलिपिन्सच्या पालावानपासून 200 किलोमीटरच्या आत आहे, हायनानपासून हजाराहून जास्त. तिथे फिलिपिन्सने 1999 मध्ये दुसऱ्या महायुद्धातलं एक जुनं जहाज, सिएरा माद्रे, मुद्दाम रुतवून ठेवलंय, गंजून त्याला भोकं पडलीत, तरी त्यात मूठभर नौसैनिक राहतात. त्यांना तांदूळ-पाणी घेऊन जाणाऱ्या बोटींवर चिनी तटरक्षक पाण्याचे फवारे मारायचे, अन् जून 2024 मध्ये तर चाकू-कुऱ्हाडी घेऊन भिडले, एका फिलिपिनो सैनिकाचा अंगठा गेला. 2016 ला हेगच्या लवादाने चीनचा नऊ रेघांचा दावा (नकाशावर नऊ रेघा ओढून जवळजवळ सगळा दक्षिण चीन समुद्र आपला म्हणणं) कायद्यात बसत नाही असं सांगितलंय, चीनने तो निकाल मानलाच नाही. आपल्याला भीती वाटते म्हणून शेजाऱ्याच्या वावरात कुंपण घालायचं, याला मी तरी हावच म्हणेन.

प्रश्न : ग्रेट निकोबारवरून आपण मलाक्काची सामुद्रधुनी बंद केली तर चीनचं तेल थांबेल ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : व्हॉट्सअॅपवर थांबतं. खरं सांगायचं तर ही धास्ती बीजिंगला आहेच, माजी अध्यक्ष हू जिंताओंच्या काळापासून 'मलाक्काची कोंडी' हा शब्द फिरतोय. सिंगापूरजवळ ती वाट एके ठिकाणी 2.8 किलोमीटरच उरते, आपल्या वांद्रे-वरळी सी-लिंकच्या निम्मी. म्हणून त्यांनी म्यानमारच्या क्याउकफ्यूपासून कुनमिंगकडे पाइपलाइन टाकली, पण तिची क्षमता वर्षाला 2.2 कोटी टन आणि चीन बाहेरून आणतो 50 कोटी टनांहून जास्त, म्हणजे पिंपाला चमचा. ग्रेट निकोबारवर कॅम्पबेल बे इथला आपला आयएनएस बाझ हा नौदलाचा तळ 2012 पासून आहे अन् जागा मोक्याची आहे, समोरूनच जहाजं मलाक्काकडे वळतात. पण नजर ठेवणं वेगळं, अडवणं वेगळं. त्याच वाटेने जपान-कोरियाचंही तेल जातं, सामुद्रधुनी इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूरच्या दारात आहे, आणि चिनी टँकर खाली इंडोनेशियातल्या लोंबोकच्या सामुद्रधुनीकडून वळसा घालून जाऊ शकतात, थोडे दिवस अन् थोडं डिझेल जास्त जाईल इतकंच.