‘पर्यंत’पायी गेलेली नोकरी

डिचोलीच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझेच जुने दिवस आठवले. तुमचे साहेब प्रत्येक इंग्लिश ईमेल ‘वाक्यं नीट जोडा’ म्हणून परत पाठवतात आणि नमुन्याला तुम्ही टाकलंय ‘ऑल्दो आय वॉज इल, बट आय फिनिश्ड द वर्क’. अहो, हे मी कितीतरी वर्षं असंच लिहीत होतो. आपल्याकडे ‘जरी’ आलं की मागून ‘तरी’ येतंच, म्हणून हात आपोआप ‘बट’ लिहून मोकळा होतो. इंग्लिशला दोघांतलं एकच पुरतं. ‘बिकॉज’ आणि ‘सो’चंही तेच. हे कुठल्याही पुस्तकात मिळेल, सोडा.

मला बोलायचंय ते ‘पर्यंत’वर. आमच्या वेळी चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीला धाडकन इंग्लिश, त्यात प्रिपोझिशन म्हणजे खोक्यातला, खोक्यावरचा आणि खोक्याखालचा चेंडू, बस्स. तारखेच्या आधी काय लावायचं ते कुणी सांगितलंच नाही. पुढे पणजीत एका ऑफिसात सिलेक्शन झालं, 1 जूनपर्यंत हजर व्हा असं पत्र आलं. जुन्या ठिकाणचा नोटीस पिरियड मे अखेर संपत होता, म्हणजे मला म्हणायचं होतं की 1 जूनपर्यंत येता येणार नाही, त्या दिवशी सकाळी हजर होतो. मी लिहिलं ‘आय कॅनॉट जॉइन बाय फर्स्ट जून’. झालं! त्यांनी तो नकार धरला आणि वेटिंग लिस्टवरच्याला बोलावलं. हवं होतं ‘अंटिल’.

मराठीत ‘पाचपर्यंत ये’ आणि ‘पाचपर्यंत थांब’, दोन्हीकडे पर्यंतच. इंग्लिशमध्ये ये असेल तर ‘बाय’, कारण पाचच्या आत कधीतरी एकदा यायचंय, आणि थांब असेल तर ‘अंटिल’, कारण थांबणं पाच वाजेस्तोवर चालूच राहणार. माझं न येणंही तसंच 1 जूनपर्यंत चालू राहणार होतं, म्हणून तिथे ‘अंटिल’. ‘पासून’चीही हीच गंमत, गेल्या सोमवारपासून म्हणजे ‘सिन्स’, पण दोन वर्षांपासून म्हणजे ‘फॉर’.

चूक माझीच, मान्य. पण अर्जावर फोन नंबर होता, एक फोन करायला काय जात होतं? कदंबा बसने पणजी गाठली, या टेबलावरून त्या टेबलावर, वरच्या मजल्यावर, परत खाली, आणि शेवटी क्लार्कने माझाच कागद पुढे सरकवला, ‘तुवेंच बरयलां मरे!’ म्हणजे तूच लिहिलंयस की! बाहेर येऊन चहासुद्धा घशाखाली उतरला नाही.

मी काही इंग्लिशचा मास्तर नाही, हिशेबाचं काम करतो, तेव्हा माझं म्हणणं एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्या. पण वाक्यं जोडणाऱ्या शंभर शब्दांचे ते तक्ते पाठ करू नका, माझ्या मते ते निव्वळ वेळ घालवणं आहे. त्यातूनच लोक ‘मोअरओव्हर’, ‘हेन्स’ वाक्यावाक्याला पेरतात. त्यापेक्षा क्रियापद शिकतानाच त्याच्यामागे काय येतं ते वहीत लिहा: ‘डिपेंड’ला ‘ऑन’ लागतं, ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही.

आणि जाता जाता, बसला नि चोडणच्या फेरीबोटीला ‘ऑन’, टॅक्सीला मात्र ‘इन’. आपल्या मोटरसायकल पायलटाचं, म्हणजे भाड्याने दुचाकीवरून सोडणाऱ्याचं, गोव्याबाहेरच्यांना लिहिताना जपून, ‘आय केम ऑन अ पायलट’ वाचून माझ्या पुण्याच्या बॉसने मला फोनच केला होता.

तो ईमेल अजून गेला नसेल तर ‘बट’ काढा, आणि खाली तारखेचं वाक्य असेल तर नावं खोडून इथे टाका, रात्री जेवण झालं की बघतो.